कॅना बेटावरचा संग्रह आणि आपल्या ओव्या : प्रकल्प नोंदी

१० जून २०२४

ग्रंथालयाकडे जमा झालेल्या जात्यावरच्या ओव्यांच्या कॅसेटींची नोंदणी सुरू करण्यापूर्वी, एखाद्या व्यक्तीने स्वतःच्या हौसेने आणि स्वतःच्या खर्चाने जमवलेला संग्रह पुढे एका प्रदेशाचा वारसा कसा ठरतो, याचे एक उदाहरण मुळापासून अभ्यासावे असे आजच्या बैठकीत ठरले. मी स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यापलीकडच्या कॅना या बेटावरचा संग्रह सुचवला आणि तो मान्य झाला. हेब्रिडीज द्वीपसमूहातील रम, एग, मक आणि कॅना या चार लहान बेटांपैकी कॅना हे सर्वांत पश्चिमेकडचे बेट असून त्याची लांबी सुमारे सात किलोमीटर आणि रुंदी जेमतेम दीड किलोमीटर आहे. आपल्या सह्याद्रीप्रमाणे तेही लाव्हारसाच्या काळ्या बेसाल्टचे आहे. तिथल्या एका टेकडीच्या खडकात लोहाचे प्रमाण इतके आहे की जवळून जाणाऱ्या बोटींच्या होकायंत्राची सुई विचलित होते, म्हणून तिला कंपास हिल असे नाव पडले.

या बेटावर जॉन लॉर्न कॅम्पबेल (१९०६–१९९६) आणि त्यांच्या पत्नी मार्गरेट फे शॉ (१९०३–२००४) यांनी गेलिक या तिथल्या जुन्या भाषेतील लोकगीते, कथा, छायाचित्रे, हस्तलिखिते आणि दुर्मीळ पुस्तके यांचा संग्रह राहत्या घरात उभा केला. त्यात सुमारे दीड हजार गाणी आणि साडेतीनशे कथा ध्वनिमुद्रित आहेत, असे सांगितले जाते. हा आकडा मोठा आहेच, परंतु मी हा संग्रह सुचवला तो त्यातील नोंदींसाठी. गाणे कोणी म्हटले, ती व्यक्ती कोणत्या गावची, तिने ते कोणाकडून ऐकले आणि ते कोणत्या दिवशी मुद्रित झाले, या गोष्टी तिथे गाण्याच्या बरोबरीने जपलेल्या आहेत. आपल्याकडच्या अनेक जुन्या छापील संग्रहांत ओवी मिळते, पण ओवी म्हणणारी बाई ओवीपाशी सापडत नाही. आपल्या कॅसेटींच्या बाबतीत तसे होऊ नये, एवढ्यासाठी हा अभ्यास करावयाचा आहे.

१४ जून

कॅम्पबेल यांचा पूर्ववृत्तान्त आज वाचून झाला. ते एडिंबरा येथे जन्मलेले, आर्गाइल परगण्यातील जमीनदार घराण्यातले. ऑक्सफर्डला त्यांनी शेतीशास्त्राबरोबर गेलिकचाही अभ्यास केला. घरात गेलिक बोलली जात नव्हती, त्यामुळे जी भाषा पूर्वजांची होती ती त्यांना पुस्तकातून आणि पुढे कोळ्यांच्या व शेतकऱ्यांच्या सहवासातून शिकून घ्यावी लागली. १९३३ मध्ये ते बॅरा या दक्षिणेकडील बेटावर राहावयास गेले, कारण तिथे दैनंदिन व्यवहार अजून गेलिकमध्ये चालत होता.

बॅरावर त्यांनी पहिल्यांदा हाती घेतलेले काम गाण्यांचे नव्हते, ही गोष्ट मला विशेष महत्त्वाची वाटते. किनाऱ्यालगत घुसून मासळी ओरबाडणाऱ्या ट्रॉलरमुळे स्थानिक कोळ्यांचे पोट मारले जात होते. त्याविरुद्ध त्यांनी कॉम्प्टन मॅकेंझी या लेखकाच्या साथीने त्याच वर्षी ‘सी लीग’ नावाची संघटना उभी केली आणि किनाऱ्याजवळचे पाणी स्थानिकांसाठी राखून ठेवण्याची मागणी लावून धरली. आपल्या कोकण किनाऱ्यावर पर्ससीन जाळ्यांच्या वादात पारंपरिक मच्छीमार जे मांडत आले आहेत, त्याच्याशी ही मागणी अगदी जवळची आहे. लोकांच्या गाण्यांइतकीच त्यांच्या उपजीविकेचीही ज्याला काळजी वाटते, त्याच्यापुढे लोक मोकळेपणाने गातात, असे मला या चरित्रातून दिसते. पुढे जी माणसे त्यांच्या यंत्रासमोर बसली, त्यांतील अनेकांशी त्यांची ओळख आधीच शेजारी म्हणून झालेली होती.

कॉडी या टोपणनावाने प्रसिद्ध असलेले बॅराचे जॉन मॅक्फर्सन हे त्यांपैकीच एक. पोस्ट, दुकान, पाहुण्यांची व्यवस्था असे बेटावरचे सारे व्यवहार पाहणारा हा गृहस्थ कथनात पटाईत होता. त्याने सांगितलेल्या बॅराच्या कथा कॅम्पबेल यांनी संपादित करून १९६० मध्ये प्रसिद्ध केल्या, तेव्हा ग्रंथाच्या नावातच सांगणाऱ्याचे नाव घातले.

१९ जून

आजचा पूर्ण दिवस मार्गरेट फे शॉ यांच्या कामावर गेला आणि तो कमीच पडला.

त्या अमेरिकेतील पेनसिल्व्हेनियाच्या. लहानपणीच आईवडील गेले. सोळाव्या वर्षी स्कॉटलंडमध्ये हेलेन्सबरा येथील शाळेत शिकत असताना त्यांनी मार्जरी केनेडी-फ्रेझर यांचे गायन ऐकले. केनेडी-फ्रेझर यांनी हेब्रिडीजमधील गाणी गोळा करून, पियानोच्या साथीत बसवून, शहरी सभागृहांसाठी सजवून सादर केली होती. त्या गाण्यांनी मार्गरेट भारावल्या, पण सजावटीच्या आड मूळ गाणे वेगळे असले पाहिजे आणि ते जिथले आहे तिथे जाऊनच ऐकले पाहिजे, हेही त्यांच्या मनाने घेतले. त्या स्वतः पियानो शिकलेल्या होत्या. म्हणून चाल कागदावर उतरवणे त्यांना जमत होते आणि सजावट कोठे सुरू होते हे कानाला कळत होते.

१९२९ मध्ये त्या साउथ यूइस्ट बेटावर आल्या आणि नॉर्थ ग्लेनडेल येथे पेगी व मारी मॅक्रे या बहिणींच्या घरी राहू लागल्या. १९३५ पर्यंत ते घर हेच त्यांचे घर होते. नळ नाही, वीज नाही, चुलीत दलदलीतून कापून वाळवलेल्या पीटचे तुकडे. त्या दोघी बहिणी शेतीभाती आणि गुरेढोरे सांभाळत आणि काम करता करता गात. मार्गरेट त्यांच्याबरोबर बटाटे लावीत, गवत कापीत, पीट वाहून आणीत, आणि संध्याकाळी एकेक ओळ पुन्हा पुन्हा म्हणवून घेऊन शब्द व स्वरलेखन वहीत उतरवीत. मारीला गाणे सलग म्हटल्यावरच आठवे आणि मध्येच थांबवले की धागा तुटे, असा अनुभव आपल्याकडे ओव्या लिहून घेणाऱ्या प्रत्येकीला आला असेल. मार्गरेट यांनी त्यावर उपाय म्हणून घाई सोडली आणि वर्षे दिली.

१९५५ मध्ये हे सारे काम साउथ यूइस्टच्या लोकगीतांच्या आणि लोकविद्येच्या ग्रंथरूपाने बाहेर आले. त्यात गाण्यांच्या चाली आहेत, त्याबरोबरच म्हणी, प्रार्थना, दुखण्यावरचे उपाय, खाद्यपदार्थांच्या कृती आणि छायाचित्रे आहेत. एका घरात ऐकलेली गाणी त्या घराच्या स्वयंपाकासह आणि औषधांसह छापण्याचा हा निर्णय मला अत्यंत योग्य वाटतो. दळणाची ओवी जिने म्हटली तिच्या घरी दळण कशाचे होते, नाचणीचे की ज्वारीचे, हे आपल्या तक्त्यात आजवर कुठेही नव्हते. मावळातल्या आणि परभणीकडच्या ओवीत हा फरक ऐकू येतो, पण नोंदीत दिसत नाही. ‘धान्य’ हा रकाना आपल्या नोंदणीच्या नमुन्यात घालावा, असा प्रस्ताव लिहून ठेवला.

त्यांची छायाचित्रे पाहताना आणखी एक गोष्ट जाणवली. त्यांतील बहुतेक माणसे काम करताना टिपलेली आहेत आणि त्यांची नावे ठाऊक आहेत. हजारोंच्या घरात असलेल्या या छायाचित्रांना आज इतिहासाचे साधन म्हणून जे मोल आहे, त्यातला फार मोठा वाटा या नावांचा आहे.

२४ जून

तांत्रिक भाग. मार्गरेट आणि जॉन यांची भेट १९३४ मध्ये साउथ यूइस्टवर झाली आणि पुढच्या वर्षी विवाह. त्यानंतर वहीच्या जोडीला यंत्र आले.

१९३७ मध्ये कॅम्पबेल यांनी एडिफोन घेतला. हे मुळात कचेरीत साहेबाने पत्र सांगावे आणि टंकलेखकाने ते ऐकून टाइप करावे यासाठी बनवलेले यंत्र. त्यात मेणाच्या नळकांड्यावर आवाज कोरला जाई आणि काम झाले की वरचा थर तासून तेच नळकांडे पुन्हा वापरता येई. कचेरीला ही सोय होती, संग्राहकाला तो धोका होता, कारण नळकांडे वाचवायचे तर नवे विकत घ्यावे लागे आणि प्रत्येक वेळी ऐकताना मेण झिजे. लवकरच त्यांनी अमेरिकेतून प्रेस्टो कंपनीचे तबकडी कोरणारे यंत्र आणले आणि १९३८ पासून बॅरावर त्याचा वापर सुरू केला. १९४९ पासून पोलादी तारेवर मुद्रण करणारे वेब्स्टर यंत्र आले. तारेच्या एका रिळावर तासाभराचे बोलणे मावे, त्यामुळे लांबलचक कथा प्रथमच न तोडता घेता आल्या. त्यानंतर टेप.

या बदलाचा परिणाम संग्रहातील मजकुरावर कसा झाला, हे समजून घेणे आपल्याला उपयोगाचे आहे. तबकडीवर काही मिनिटेच मिळत असल्याने सुरुवातीच्या काळात गाणी जास्त दिसतात आणि कित्येक गाण्यांची मोजकीच कडवी. तार आल्यावर साउथ यूइस्टचे ॲंगस मॅक्लेलन यांच्यासारखा कथनकार पूर्ण खुलला. १८६९ साली जन्मलेल्या आणि उमेदीत शेतगडी म्हणून राबलेल्या या माणसाच्या तोंडून घेतलेल्या कथा १९६१ मध्ये, आणि त्याने गेलिकमध्ये सांगितलेले आत्मचरित्र १९६२ मध्ये, कॅम्पबेल यांच्या इंग्रजी अनुवादातून प्रसिद्ध झाले. यंत्राची मर्यादा नोंदलेली नसेल, तर उद्याचा अभ्यासक ‘त्या काळी लोक छोटीच गाणी म्हणत’ असा चुकीचा निष्कर्ष काढील. आपल्या कॅसेटींपैकी कित्येक एका बाजूला तीस मिनिटांच्या आहेत आणि अनेक ओव्या बाजू संपते तिथे तुटतात. म्हणून ‘बाजू संपल्याने खंडित’ अशी खूण करण्याचे ठरवले.

मुद्रण संगणकावर घेताना २४ बिट आणि ९६ किलोहर्ट्झची वेव्ह फाइल ठेवायची, मूळ फाइलवर कोणताही आवाज साफ करायचा नाही आणि ऐकण्यासाठी वेगळी प्रत काढायची, हे आधीच ठरले आहे. जात्याची घरघर हा गोंगाट समजून कोणी काढून टाकू नये, असे मोठ्या अक्षरांत लिहून यंत्राशेजारी लावले.

१ जुलै

केवळ श्रवण. कॅना संग्रहातील ध्वनिमुद्रणे आता ‘टोबर अन दुआल्खैश’ या संकेतस्थळावर ऐकता येतात. २०१० मध्ये खुल्या झालेल्या या उपक्रमात एडिंबरा विद्यापीठातील स्कॉटिश अभ्यास विभाग, बीबीसी आणि कॅना संग्रह अशा तीन ठिकाणची मिळून हजारो तासांची मुद्रणे एकत्र आणली आहेत. गायकाचे नाव, गाव, गोळा करणाऱ्याचे नाव, विषय, अशा कोणत्याही वाटेने शोध घेता येतो. बॅराच्या शिक्षिका ॲनी जॉन्स्टन आणि त्यांचे बंधू कॅलम यांची गाणी पुन्हा पुन्हा ऐकली. भाषा कळत नाही, तरी श्वास कुठे घेतला जातो आणि समूह कुठे उचलतो हे नीट कळते.

५ जुलै

कापड मळतानाची गाणी. या संग्रहाचा गाभा इथे आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

हातमागावरून उतरलेले लोकरी कापड सैल आणि खरखरीत असते. ते आटून घट्ट व्हावे यासाठी जुन्या, आंबलेल्या मूत्रात भिजवून लाकडी फळीभोवती बायका समोरासमोर बसत आणि ते ओले कापड फळीवर आपटत, दाबत, सूर्याच्या दिशेने एकीकडून दुसरीकडे सरकवत. एक बाई ओळ म्हणे, बाकीच्या धृपद उचलत. कापड किती आटले हे बोटांनी मोजत आणि अजून किती काम उरले ते गाण्यांच्या हिशेबात सांगत. एकाच बैठकीत तेच गाणे दुसऱ्यांदा म्हणू नये, असाही संकेत होता. त्यामुळे ज्या वस्तीत कापड फार, त्या वस्तीत गाण्यांचा साठाही मोठा असावा लागे. काही गाण्यांतील प्रसंग आणि माणसे सोळाव्या–सतराव्या शतकातील आहेत. लिहिता-वाचता न येणाऱ्या बायकांनी ते तीनशे वर्षे हातांच्या लयीवर पुढे आणले. गिरण्यांतून तयार कापड येऊ लागल्यावर हे काम मागे पडले आणि कॅम्पबेल दांपत्य बेटांवर आले तेव्हा ते संपण्याच्या बेतात होते.

कॅम्पबेल यांनी या गाण्यांचे तीन खंड १९६९, १९७७ आणि १९८१ साली प्रसिद्ध केले. चालींचे लेखन फ्रान्सिस कॉलिन्सन यांनी मुद्रणांवरून केले. पहिल्या खंडाचा पाया म्हणजे साउथ यूइस्टच्या डॉनल्ड मॅक्कॉर्मिक यांनी १८९३ मध्ये लिहून ठेवलेले हस्तलिखित. म्हणजे एका स्थानिक संग्राहकाच्या वहीला दुसऱ्याने तब्बल पाऊण शतकाने आवाज मिळवून दिला, आणि तसे करताना आधीच्याचे नाव मुखपृष्ठावर ठेवले.

या खंडांतील ज्या निर्णयाने मी सर्वाधिक प्रभावित झालो तो धृपदांविषयीचा आहे. या गाण्यांची धृपदे बहुतांशी निरर्थक वाटणाऱ्या अक्षरांची असतात : ही री, हो रो, अशा प्रकारची. आधीच्या अनेक संपादकांनी ती गाळली किंवा ‘इत्यादी’ म्हणून सोडून दिली. कॅम्पबेल यांनी दाखवून दिले की ही अक्षरे प्रत्येक गाण्याची स्वतःची आणि ठरलेली असतात, गाणाऱ्या बाईला गाणे त्यांवरूनच आठवते आणि त्यांच्यावाचून चालीचा सांगाडाच उभा राहत नाही. म्हणून त्यांनी ती अक्षरशः छापली.

ओवीच्या बाबतीत हेच घडत आले आहे. छापील ओवी दोन स्वच्छ ओळींची असते. जात्यावर मात्र तिच्यात ‘गं’ येते, ‘बाई’ येते, पहिल्या ओळीचा अर्धा भाग दोनदा येतो, शेवटचा शब्द जोडीदारीण उचलते आणि पुढच्या ओळीच्या आधी जात्याचा एक पूर्ण फेरा मोकळा जातो. लिहिणारा हे सारे भरताड समजून काढून टाकतो आणि उरलेली ओवी वाचायला सुटसुटीत होते, पण तिच्यावरून कोणालाही ती पुन्हा म्हणता येत नाही. गी पॉइत्व्हँ आणि हेमा राईरकर यांनी मुळशी परिसरातून सुरू करून राज्यभर विस्तारलेल्या ओव्यांच्या महासंग्रहात लाखाहून अधिक ओव्या आहेत आणि त्यांत गाणाऱ्या बाईचे नाव व गाव जपलेले आहे. त्यांनी घालून दिलेली ही शिस्त आपल्यासमोर आहेच. लेखनाच्या बाबतीत कॅम्पबेल यांचा नियम तिला जोडावा, असे मी सुचवीत आहे. प्रत्येक ओवीचे दोन पाठ ठेवावेत : एक म्हटल्याप्रमाणे तंतोतंत, दुसरा वाचनासाठी. दुसरा पाठ पहिल्याची जागा कधीही घेणार नाही.

कामाला दुप्पट वेळ लागेल. लागू द्यावा.

१२ जुलै

फादर ॲलन मॅक्डॉनल्ड यांच्या वह्यांचे प्रकरण आज पूर्ण केले. एरिस्के बेटावरचे हे धर्मोपदेशक (१८५९–१९०५) आपल्या लोकांकडून ऐकलेल्या समजुती, शब्द, गाणी आणि अद्भुत अनुभव वर्षानुवर्षे वह्यांत टिपून ठेवीत. स्वतःच्या नावावर त्यांनी त्यातले फार थोडे छापले. एडा गुडरिच-फ्रीअर या बाईंनी त्यांच्या वह्यांतील सामग्री घेऊन व्याख्याने दिली, लेख लिहिले आणि १९०२ मध्ये पुस्तक काढले. वाचकांची समजूत मात्र ही बाईंची स्वतःची शोधयात्रा अशीच झाली. फादर ॲलन पंचेचाळिशीच्या सुमारास वारले आणि वह्या नजरेआड झाल्या.

कॅम्पबेल यांनी त्यांचा माग काढला. काही वह्या ग्लासगो विद्यापीठात, काही एडिंबरा येथे अलेक्झांडर कारमायकल या आधीच्या पिढीतील गेलिक लोकविद्येच्या संग्राहकाच्या कागदपत्रांत मिळाल्या. वहीतील मजकूर आणि छापील मजकूर शेजारी शेजारी ठेवून त्यांनी कोणती ओळ कोणाची हे दाखवले आणि १९६८ मध्ये ट्रेव्हर हॉल यांच्यासमवेत ते सविस्तर प्रसिद्ध केले. त्याआधी १९५८ मध्ये फादर ॲलन यांनी जमवलेला गेलिक शब्दसंग्रह संपादून तो त्यांच्याच नावाने छापला होता.

संग्राहकाचे काम केवळ नवे गोळा करण्याचे नसून आधीच्या संग्राहकाचे श्रेय त्याला परत मिळवून देण्याचेही आहे, हे या एका प्रकरणातून जितके स्पष्ट होते तितके दुसऱ्या कशातून झाले नसते. आपल्याकडील कॅसेटींचा एक गठ्ठा गावोगाव फिरलेल्या एका प्राथमिक शिक्षिकेचा आहे. बाईंनी कॅसेटींच्या वेष्टनावर बारीक अक्षरात तारखा घातल्या आहेत. त्या वेष्टनांची छायाचित्रे ध्वनीइतक्याच काळजीने घ्यायची आणि नोंदीत ‘ध्वनिमुद्रण’ व ‘मूळ संकलन’ हे दोन रकाने वेगळे ठेवायचे.

१८ जुलै

१९३७ मध्ये कॅम्पबेल दांपत्य कॅनडातील नोव्हा स्कोशिया प्रांतातील केप ब्रेटन येथे गेले. बॅरा आणि साउथ यूइस्टवरून सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वी उठून गेलेल्या कुटुंबांचे वंशज तिथे अजून गेलिक बोलत होते. एकाच गाण्याचे दोन पाठ, एक बेटावर राहिलेला आणि एक समुद्रापार गेलेला, एकाच कानाने ऐकण्याची ती संधी होती; त्यावरचे पुस्तक १९९० मध्ये निघाले. मॉरिशसमधील मराठी समाजाची झाकरी आणि कोकणातली जाखडी यांचा असा शेजारी शेजारी अभ्यास व्हावयास हवा. तो आपल्या प्रकल्पाच्या कक्षेत नाही, परंतु विद्यापीठातील परिचितांना पत्र लिहीन.

२६ जुलै

आज संग्रहाच्या मालकीचा आणि ठिकाणाचा विचार.

कॅम्पबेल यांनी कॅना बेट १९३८ मध्ये विकत घेतले. त्यानंतर ते तिथे शेती करीत, मेंढ्या आणि गुरे पाळीत राहिले आणि घराच्या खोल्या भरत गेल्या : एका बाजूला गेलिक आणि सेल्टिक विषयांची पुस्तके, दुसरीकडे मार्गरेट यांचा स्टाइनवे पियानो, छायाचित्रांच्या निगेटिव्ह, तबकड्या, तारेची रिळे, आणि खणाखणांतून फुलपाखरे व पतंग. कीटकांची आवड त्यांना आधीपासून होती. बॅरा आणि कॅना येथील पतंगांच्या त्यांच्या नोंदी आजही त्या बेटांच्या निसर्गेतिहासाचा आधार मानल्या जातात. कोणता पतंग कोणत्या रात्री कुठे मिळाला हे चिठ्ठीवर लिहून टाचणीला लावायची सवय आणि कोणते गाणे कोणाकडून कोणत्या दिवशी घेतले हे लिहिण्याची सवय, या एकाच हाताच्या आहेत असे मला वाटते.

१९८१ मध्ये त्यांनी बेट, घर आणि संग्रह नॅशनल ट्रस्ट फॉर स्कॉटलंडच्या स्वाधीन केले आणि दोघेही तिथेच राहिले. संग्रह एडिंबरा किंवा ग्लासगोला हलवला असता तर अभ्यासकांना सोयीचे झाले असते. बेटावर हवा दमट, वाऱ्यात खार, बोट अवलंबून हवामानावर; कागदाला आणि मेणाला याहून प्रतिकूल जागा सांगता येणार नाही, आणि घराच्या संवर्धनाचे मोठे काम ट्रस्टला हाती घ्यावे लागले ते यामुळेच. तरीही संग्रह ज्या घरात उभा राहिला त्याच घरात ठेवण्याचा त्यांचा आग्रह मला योग्य वाटतो. त्या पुस्तकांचा क्रम, त्या पियानोची जागा, खिडकीतून दिसणारे बंदर, हे सारे संग्रहाच्या समजुतीचा भाग आहे. पुण्यात दिनकर केळकरांनी आपल्या वस्तूंचा संसार शासनाच्या हाती सोपवताना तो राजा केळकर संग्रहालय म्हणून अखंड राहील हे पाहिले, त्यामागे हाच विचार दिसतो.

यात एक अवघड बाजू आहे आणि ती टाळून पुढे जाणे योग्य नव्हे. कॅम्पबेल हे बेटाचे जमीनमालक होते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर याच बेटावरच्या कुळांना मालकाने मेंढ्यांसाठी हुसकावून लावले होते, आणि त्या इतिहासावर कॅम्पबेल यांनी स्वतः १९८४ च्या बेटाच्या इतिहासग्रंथात लिहिले आहे. त्यांच्या हयातीत कोणाला उठवले गेले नाही. परंतु वस्तीही वाढली नाही. आज कॅना आणि लगतच्या सँडे या बेटावर मिळून वीसेक माणसे राहतात. २०११ च्या जनगणनेत संपूर्ण स्कॉटलंडमध्ये गेलिक बोलणारे सुमारे ५७ हजारच होते. गाणी वाचली, गाणाऱ्यांची वस्ती विरळ होत गेली. संग्रहाने काय साधले हे सांगताना तो काय करू शकत नाही हेही त्याच परिच्छेदात सांगितले पाहिजे. मात्र आज गेलिक शिकणारी तरुण मुले याच मुद्रणांवरून, त्याच अक्षरांच्या धृपदांसह, ती गाणी उचलतात. छापील आणि सजवलेल्या पाठांवरून त्यांना हे करता आले नसते.

कॅम्पबेल १९९६ मध्ये इटलीत फिएझोले येथे वारले. दहा वर्षांनी त्यांचे अवशेष कॅनावर आणून पुरण्यात आले. मार्गरेट १०१ वर्षे जगल्या आणि साउथ यूइस्टच्या मातीत, मॅक्रे बहिणींच्या बेटावर, विसावल्या.

३ ऑगस्ट

नमुन्याची छपाईपूर्व बैठक. ज्यांच्या ओव्या मुद्रित आहेत त्यांपैकी दोन आजी आणि त्यांच्या घरचे लोक उपस्थित होते. कॅना संग्रहाची माहिती मी थोडक्यात सांगितली, कापड मळतानाचे एक गाणे ऐकवले. एक आजी म्हणाल्या, “त्या बाया एकमेकीकडं बघून म्हणत्यात, तसंच आमचं.” मुद्रणात बायका दिसत नव्हत्या, केवळ ऐकू येत होत्या. कोण कोणासमोर बसले होते हे आजींना आवाजावरून कळले. तेव्हा ‘जात्यावर सोबत कोण’ हा रकाना त्यांच्या सांगण्यावरून नमुन्यात आला. जोडीदारीण सासू होती, जाऊ होती की शेजारीण, यावर कोणती ओवी म्हणायची आणि कोणती गिळायची हे ठरे, असे दोघींनीही सांगितले.

एका आजींच्या नातीने विचारले की संकेतस्थळावर चढवल्यानंतर आजीला एखादी ओवी काढून घ्यावीशी वाटली तर काय. सासरच्या जाचाच्या ओव्यांत माणसांची नावे येतात, म्हणून हा प्रश्न रास्त आहे. ठरले ते असे : प्रत्येक गाणारीला तिच्या सर्व ओव्या आधी ऐकवायच्या, खुल्या ठेवायच्या आणि राखून ठेवायच्या अशा दोन याद्या तिच्या सांगण्याप्रमाणे करायच्या, आणि ती यादी बदलण्याचा अधिकार तिच्याकडे व तिच्यानंतर तिने नेमलेल्या व्यक्तीकडे राहील. मूळ कॅसेटी ग्रंथालयात तालुक्याच्या गावीच राहतील. त्यांची एक प्रत पुण्यात सुरक्षित ठेवली जाईल आणि एक प्रत पेन ड्राइव्हवर प्रत्येक घरी दिली जाईल.

नमुना आता असा : गाणारीचे नाव, माहेर, सासर, ओवी कोणाकडून शिकली, जात्यावर सोबत कोण, धान्य, म्हटल्याप्रमाणे पाठ, वाचनपाठ, ध्वनिमुद्रण करणारी व्यक्ती, मूळ संकलन, यंत्र व कॅसेटची बाजू, खंडित असल्यास कारण, खुली की राखीव. ‘माहेर’ आणि ‘सासर’ हे दोन वेगळे रकाने असावेत याविषयी सर्वांचे एकमत झाले, कारण ओवी बाईबरोबर लग्नातून एका खोऱ्यातून दुसऱ्या खोऱ्यात जाते आणि केवळ सध्याचे गाव लिहिले तर तिचा प्रवास पुसला जातो. सोमवारपासून शिक्षिकाबाईंच्या गठ्ठ्यातील पहिल्या कॅसेटपासून काम सुरू करायचे असून, पहिली ओवी उतरवताना दोघांनी वेगवेगळे लेखन करून ते ताडून पाहायचे आहे.